शेऱ्याचा रकाना कोरा ठेवा

शिक्षकाच्या टाचणवहीत एक रकाना शेऱ्याचा असतो. काय शिकवणार ते आपण लिहायचं, आणि मुख्याध्यापक किंवा तपासणीला आलेले विस्तार अधिकारी त्या रकान्यात लाल पेनाने चार शब्द लिहून सही करतात. नवापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं माझी नजर फळ्यावर कमी आणि त्या रकान्यावर जास्त होती. हे मी निवृत्त झाल्यावर कबूल केलं. त्याहून जड गेली ती दुसरी कबुली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, मी तेच करत होते.

माझं माहेर धुळ्याकडचं. घरात कुठलाही निर्णय व्हायचा असला की आई अहिराणीत एकच विचारायची, "लोके काय म्हनतीन?" हा प्रश्न माझ्याबरोबर सासरी आला, शाळेत आला, महिला मंडळात आला आणि प्रार्थनेतही येऊन बसला. तुम्ही उपासनेत गाणी घेत असाल, संडे स्कूल चालवत असाल, प्रार्थनासभांत बोलत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही ओळखीचा असेल. देवाने मला कशासाठी ठेवलंय हे शोधायचं आहे आणि लोकांची वाहवा मध्ये येते आहे, असं ज्यांना जाणवतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी जे करून पाहिलं तेवढंच सांगेन.

आधी कुठे दुखतं ते लिहून काढा

"माझा हेतू शुद्ध आहे का?" असं स्वतःलाच विचारलं तर मन लगेच हो म्हणतं. म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. मी जुनी टाचणवहीच घेतली, तिची पानं उरली होती. रविवारी रात्री जेवणं झाली की तीन ओळी लिहायच्या. या आठवड्यात मंडळीसाठी काय केलं. ते कोणी पाहिलं. आणि कोणीच पाहिलं नसतं तर मी ते केलं असतं का. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा सोडायचा. आपणही तिथे काही लिहायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. गुप्तात पाहणारा पिता आहे असं प्रभूने मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल सांगितलं. तो रकाना त्याचा आहे.

निदान चार रविवार हे करा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात काय निघालं ते सांगते. एका सभेत मी साक्ष दिली, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगितलं, त्यानंतर पाळकसाहेबांनी आभार मानताना माझं नाव घ्यायचं राहिलं. घरी येऊन मी जेवले नाही. त्याच आठवड्यात वाड्यातल्या एका बाळंतिणीकडे जायचं मी विसरले होते, आणि त्याबद्दल मला काहीच वाटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. कोणत्या गोष्टीने आपल्याला दुखतं आणि कोणती गोष्ट आपल्याला टोचतही नाही, या दोन्ही ओळी शेजारी आल्या की आपण कोणासाठी राबतो आहोत ते दिसायला लागतं.

शुभवर्तमानात गर्दी शोधा

देवाची इच्छा कळावी म्हणून पुष्कळ जण शास्त्र उघडतात आणि जे वचन समोर येईल ते आपल्यासाठी म्हणून घेतात. त्यातून बहुतेक वेळा आपल्या मनातलंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एक अख्खं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, घ्या. मार्काचं घ्या, ते १६ अध्यायांचं आहे. रोज अर्धा अध्याय वाचला तर महिन्याभरात होतं. हातात पेन्सिल ठेवा. जिथे जिथे लोकांची गर्दी येते तिथे कडेला 'ग' लिहा. मग खाली वाचत जा, त्या गर्दीनंतर येशू कुठे गेला ते पाहा आणि त्याखाली रेघ मारा.

पहिल्याच अध्यायात सगळं गाव दाराशी जमलं. तिथे 'ग'. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि बाकीचे शोधत आले आणि म्हणाले, "सर्व लोक आपला शोध करीत आहेत." आमच्याकडच्या कुठल्याही सेवकाला असा निरोप आला तर तो हातातलं काम टाकून माघारी पळेल. येशू म्हणाला, चला, आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे. तो कुठून बोलला ते पाहा. तो नुकताच प्रार्थनेतून उठला होता. त्या दिवशी काय करायचं ते शिमोन यायच्या आधीच ठरलेलं होतं.

पुढे सहाव्या अध्यायात पाच हजार पुरुषांना भाकरी दिल्यावर त्याने शिष्यांना लगेच होडीत बसवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. एवढी घाई कशासाठी ते योहानाच्या सहाव्या अध्यायात कळतं. लोक त्याला बळजबरीने राजा करायला निघाले होते. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे त्याचं बोलणं कठीण वाटून त्याच्या शिष्यांपैकी पुष्कळ जण माघारी गेले. तो त्यांच्यामागे धावला नाही. शब्द मऊ करून त्यांना परतही बोलावलं नाही.

यावरून गर्दी वाईट असते असं मात्र ठरवू नका. प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे ३००० माणसं मिळाली हा आकडा आनंदाने लिहिलेला आहे. आणि शास्ते ७ मध्ये गिदोनाच्या ३२,००० मधून देवाने ३०० उरवले, तोही आकडा तितक्याच सरळपणे लिहिलेला आहे. दोन्ही वेळा आकडा देवाने ठरवला. आपली गफलत तिथे होते जिथे आपण आकड्यावरून देवाचं मन ओळखायला जातो.

आठवा अध्याय, आणि आमच्याकडच्या मावशी

माझं वळण प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आहे. सुवार्ता सांगणारा फिलिप्प शोमरोनात होता. तिथे लोक त्याचं एकचित्ताने ऐकत होते, आजारी बरे होत होते, नगरात मोठा आनंद झाला होता. अशा भर यशात देवदूत त्याला म्हणाला, ऊठ, यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणाऱ्या वाटेवर जा. ती वाट ओसाड. तिथे एका रथात एक हबशी अधिकारी यशयाचं पुस्तक वाचत बसलेला. फिलिप्पाने त्याला विचारलं, वाचता ते समजतं का? तो म्हणाला, कोणी समजावल्याशिवाय कसं समजेल?

मी हा अध्याय महिला मंडळात किती वेळा शिकवला असेल. आणि माझ्या दाराशी माझा रथ उभा होता तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. वय पन्नाशीच्या पुढचं. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. उपासनेत त्या गीतांचं पुस्तक उघडून धरतात, पण गाणी सगळी तोंडपाठ. कधी कधी पुस्तक उलटं असतं. एका श्रावणात उपासना सुटल्यावर त्या मला दाराशी म्हणाल्या, "बाई, मला वाचायला शिकवा. सही करता येते मला, ती नको. मार्काचं पुस्तक वाचायचंय, स्वतःच्या डोळ्यांनी." मी त्यांचा हात धरला, हो म्हणाले, आणि पुढच्या आठवड्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मला नंदुरबारला बोलावणं होतं. त्याच्या पुढे सीमेपलीकडे व्याऱ्याकडे एक सभा होती. मग विसरवाडीकडे एक लग्न, त्यात प्रार्थना माझी. "बाई, तुमच्याशिवाय सभा भरल्यासारखी वाटत नाही," असं कोणी म्हणालं की मला नाही म्हणवत नसे. मावशी दर रविवारी नुसत्या बघायच्या, विचारायच्या नाहीत. दिवाळी झाली. मुकादमाकडून उचल घेतलेली होतीच. त्यांची टोळी ऊसतोडीला गुजरातेत गेली, आणि मावशी त्यांच्या नवऱ्याबरोबर गेल्या. परतल्या त्या पावसाच्या तोंडावर. मधले सगळे महिने त्या पडावावर, टोळीच्या मुक्कामावर, शुभवर्तमान बंद पिशवीत ठेवून होत्या. वाचता येत नव्हतं तरी त्यांनी ते बरोबर नेलं होतं. हे मला त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज.

त्या रात्री वहीत मी तीन ओळी लिहिल्या नाहीत. एकच लिहिली.

म्हणून देवाचा हेतू कुठे शोधायचा असं मला कोणी विचारलं तर मी आधी विचारते, तुमच्याकडे तेच काम घेऊन पुन्हा पुन्हा कोण येतंय? त्या माणसाचं नाव लिहा. मोशेला देवाने विचारलं होतं, तुझ्या हातात काय आहे? माझ्या हातात खडू होता. ३१ वर्षं देवाने माझ्याकडून मुळाक्षरं घोटून घेतली होती, आणि मी माईक शोधत होते. आपल्याला येणारी गोष्ट आणि शेजारच्या माणसाची गरज ही दोन्ही जिथे एकमेकांना लागतात तिथे आधी खणून बघा. तिथे काही नसेल तर मग दूरचं बघा.

नाही म्हणायला शिका, आणि मग येणारी शांतता सोसा

यासाठी वेळ काढावा लागतो, आणि वेळ नाही म्हटल्याशिवाय निघत नाही. मी बुधवारची संध्याकाळ बांधून टाकली. बुधवारी कुठेही जायचं नाही, कोणीही बोलावलं तरी. तुम्ही तुमचा वार ठरवा, पण एकच ठरवा आणि तो कॅलेंडरवर पेनाने लिहा. आमंत्रण आलं तर जागच्या जागी हो म्हणू नका. "मी प्रार्थना करून उद्या कळवते" एवढं म्हणा, आणि खरंच प्रार्थना करून खरंच दुसऱ्या दिवशी कळवा. नकार देताना खोटं कारण देऊ नका. तब्येत ठीक असताना तब्येतीचं नाव घेऊ नका. मी सांगायचे, "बुधवारी मी एका ताईंना वाचायला शिकवते." पुष्कळांना हे कारण हलकं वाटलं. एका सभेच्या आयोजकांनी स्पष्ट विचारलं, एकीसाठी तुम्ही शंभर जणींना नाही म्हणता? मी हो म्हणाले. माझा आवाज कापत होता.

मग फोन कमी झाले. दोन महिने तर एकही आला नाही. माझ्या जागी दुसरी बहीण बोलायला लागली, आणि ती चांगलं बोलते. या दिवसांबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. आत रितं रितं वाटतं. आपण चुकलो का असं वाटतं. त्या वेळी निर्णय बदलू नका. स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओव्या रोज सकाळी मोठ्याने वाचा, जिथे दावीद म्हणतो की देवा, मला तपास, माझं अंतःकरण जाण. आणि त्या दुसऱ्या बहिणीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. पहिले पंधरा दिवस ओठ हलतात, मन हलत नाही. तरी करा. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे लोक येशूकडे जायला लागले तेव्हा तो म्हणाला, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. मला आता वाटतं, हे वाक्य त्याच्याकडून बाहेर पडलं त्यामागे वाळवंटातल्या एकट्या रात्री असतील.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इंग्लंड-अमेरिकेत त्यांची भाषणं ऐकायला लोक जमायचे. त्याच रमाबाई आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं केडगावला हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, ते बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी. कारण साध्या बायकांना ते वाचता यावं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापलेलं पूर्ण बायबल त्यांनी पाहिलं नाही, ते १९२४ साली निघालं. मावशींच्या पिशवीतल्या पुस्तकामागे असे हात आहेत, हे मला फार उशिरा उमगलं.

लोक नाराज झाले म्हणजे देव खूश झाला, असं समजू नका

हा भाग नीट वाचा, कारण या खड्ड्यात मी पडले आहे. लोकांची वाहवा सोडायची ठरवली की मन दुसरी लबाडी करतं. कोणी रागावलं की ते म्हणतं, बघ, मी खरं बोलले म्हणून छळ होतोय. आमच्या तरुण संघातल्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर बोलले होते. बोलणं खरं होतं. जागा चुकीची होती, आणि आवाजही चुकीचा होता. ती सहा महिने उपासनेला आली नाही, आणि ते सहा महिने मी स्वतःला यिर्मया, म्हणजे खरं बोलून छळ सोसणारा संदेष्टा, समजत होते. एकदा घरी एक वडीलजन चहाला आले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, इफिसकरांस ४:१५ मध्ये सत्याबरोबर आणखी एक शब्द आहे." तो शब्द प्रीती. मी त्या मुलीच्या घरी गेले, तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. ती लगेच बोलली नाही.

येशू देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला असं लूक २:५२ सांगतं. लोकांना आपण आवडलो तर त्यात पाप नाही. शौल राजाचं पाप वेगळं होतं. १ शमुवेल १५ मध्ये तो कबूल करतो की मी लोकांना भ्यालो, त्यांचं ऐकलं. आणि चूक मान्य केल्यावरही शमुवेलाला विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं तेव्हा दावीद एवढंच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. म्हणून तुमच्या आयुष्यात एक नाथान ठेवा. नवरा किंवा बायको शक्यतो नको, ते आपल्याला सांभाळून घेतात. ज्याला तुमच्या सेवेतून काही मिळत नाही आणि जो तुमच्यासाठी प्रार्थना करतो असा माणूस शोधा. वर्षातून दोनदा त्याच्यासमोर ती वही ठेवा. तो बोलत असताना खुलासा देऊ नका.

फोनबद्दल थोडंच लिहिते. नाताळला आम्ही चादरी वाटल्या होत्या. एका आजोबांना मी चादर दिली, आणि फोटो नीट येईना म्हणून त्यांना ती परत हातात घेऊन पुन्हा एकदा घ्यायला लावली. थंडीत ते उभे राहिले, चादर अर्धी माझ्या हातात, अर्धी त्यांच्या, आणि ते कॅमेऱ्याकडे बघायचं की माझ्याकडे हे न कळून दोन्हीकडे बघत होते. तो फोटो ग्रुपवर गेला, हात जोडल्याच्या खुणा आल्या. मदत घेणाऱ्याचा फोटो तेव्हापासून मी काढत नाही. भजनाचा व्हिडिओ टाकायचा असेल तर टाका, पण टाकून झाल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि किती जणांनी पाहिलं हे सोमवारपर्यंत बघू नका.

आता बुधवारचं सांगते. मावशी पावसाळ्यात संध्याकाळी सहाला येतात, शेतातून आल्यावर हातपाय धुऊन. पहिला महिना पाटीवरच गेला. पेन्सिल त्या कोयत्यासारखी मुठीत धरायच्या, ती बोटांत आणायलाच पाच बुधवार लागले. पातीने चिरलेल्या बोटांना पेन्सिल टोचते, म्हणून मी तिला कापडाची चिंधी गुंडाळून दिली. मग मार्काचा पहिला अध्याय. पहिल्या ओळीतच जोडाक्षरं, 'पुत्र', 'ख्रिस्त'. 'ख्रिस्त' जमायला पूर्ण एक संध्याकाळ गेली, आणि जमला तेव्हा त्यांनी तो सात-आठ वेळा वाचला, हळू, प्रत्येक वेळी बोट ठेवून.

३७ व्या ओवीला अडल्या. "बाई, हे 'सव' आहे की काय? वर काहीतरी आहे." मी म्हणाले, तो रफार, 'र' आधी म्हणायचा, मग 'व'. "सर्‌-व," त्या म्हणाल्या. "सर्व. सर्व लोक. सर्व लोक आपला. शोध." श्वास घेतला. "करीत आहेत." मग बोट पुढच्या ओवीवर नेलं आणि मला विचारलं, "मग तो गेला का परत?"

मी म्हणाले, पुढे वाचा. लाइट गेली होती. मी बॅटरी धरली आणि त्यांनी वाचलं.

यंदा टोळी दिवाळीनंतर निघेल. मावशी पाचव्या अध्यायावर आहेत. जायच्या आधी सहावा व्हावा असं आमचं चाललं आहे, म्हणून आता शुक्रवारीही बसतो. पडावावर शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, दोघींना शिकवायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी त्यांनी माझ्याकडे एक पाटी मागितली आहे आणि चिंधी गुंडाळलेल्या दोन पेन्सिली.